मद्यपी आणि त्याचे उपदेशक

बंगळुरास बदली होऊन आलेल्या मराठी माणसास जे. पी. नगरात घर मिळाले, तर त्याच्या पदरात दोन गोष्टी आपोआप पडतात. एक, दुसऱ्या फेजमधील ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह. आणि दुसरी, त्याच्या उपाहारगृहातील साबुदाणा वडा. अरुंधती नाग यांनी आपले पती शंकर नाग यांच्या स्मरणार्थ हे नाट्यगृह उभारले आणि २००४ साली ते खुले झाले. उभयतांनी मुंबईच्या मराठी रंगभूमीवर काही काळ काढलेला असल्यामुळे म्हणा, किंवा वड्यामुळे म्हणा, आम्हांस तेथे परकेपणा म्हणून वाटत नाही. गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी, नाटकास अवकाश असल्याने, आम्ही व महालेखापालांच्या कचेरीतून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही तेथे बसलो असता गोष्ट गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’वर गेली. स्नेही म्हणाले, “सुधाकराला सगळे गाव समजावते, आणि एकाचाही उपयोग होत नाही. का हो?”

प्रश्न साधाच होता. परंतु त्याने आम्हांस पुढे कित्येक महिने वाचावयास लावले. कारण तो केवळ सुधाकरापुरता नव्हता, आमच्याही एका जुन्या कृत्यास जाऊन भिडत होता. त्या कृत्याची हकीकत पुढे येईलच.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले, आणि त्यानंतर महिन्याच्या आतच, २० फेब्रुवारीस, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. त्या नाटकाची कथा वाचकांस सांगावयास नको. बुद्धिमान वकील सुधाकर न्यायासनासमोर अपमानित होतो, त्याची सनद काही काळ जाते, आणि त्या दुःखावर त्याचा कारकून तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. येथून पुढे सिंधूचे अश्रू, रामलालची कळकळ, पद्माकराचा संताप, सारे काही सुधाकराच्या अंगावर येऊन आदळते. नाटक पुन्हा वाचताना आमच्या ध्यानात एक गोष्ट आली, जी बालगंधर्वांच्या सिंधूवर खिळलेल्या डोळ्यांना बहुधा दिसली नसेल. प्याला माणसास पायरीपायरीने कसा खाली नेतो, ह्याचे नाटकातील सर्वांत सविस्तर विवेचन उपदेशकांपैकी कोणी करीत नाही. ते स्वतः सुधाकर रामलालला ऐकवतो. म्हणजे ज्याला समजवावयाचे त्यालाच सर्वांहून अधिक समजलेले आहे! सुधाकरापाशी ज्ञानाची उणीव नव्हती. तरीही प्रत्येक जण त्यास तेच ज्ञान पुनःपुन्हा देऊ पाहतो.

महाराष्ट्रात ह्या ज्ञानदानाची परंपरा मोठी आहे, आणि तीत थोर माणसे आहेत. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी १८८० साली शहरात वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेस पत्र लिहिले. १९०८ साली टिळकांच्या प्रेरणेने पुण्यातील दारूच्या गुत्त्यांपुढे स्वयंसेवकांनी निरोधन केले. दोघांचाही रोख सरकारी अबकारीवर होता. दारूतून तिजोरी भरणाऱ्या राज्यकर्त्यास जाब विचारणे हे त्यांचे काम त्यांनी निर्भयपणे केले. परंतु गुत्त्यातून बाहेर पडणाऱ्या एकट्या माणसाशी काय बोलावे, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या पुढे नव्हता.

तो प्रश्न आपल्या परीने हाताळणारे एक पुरुष मात्र होऊन गेले. गाडगेमहाराजांचे कीर्तन म्हणजे व्याख्यान नव्हे. ते समोरच्या खेडुतांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. दारूचाही विषय त्यांत येई. अर्थात त्या प्रश्नांची उत्तरे ठरलेली असत, आणि ती हजारोंच्या समुदायाने एकमुखाने द्यावयाची असत. तरी आपल्याच तोंडून निघालेला शब्द माणसास अधिक लागतो, हे मर्म बाबांनी कोणत्याही मानसशास्त्राशिवाय जाणले होते, असे आम्हांस वाटते.

स्वातंत्र्यानंतर उपदेशाची जागा कायद्याने घेतली. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ साली आला, पुढील वर्षी प्रांतभर पूर्ण दारूबंदी झाली, आणि प्रकृतीच्या कारणास्तव मिळणाऱ्या परवान्यांमुळे अनेकांच्या प्रकृती एकाएकी नाजूक झाल्या. १९६० नंतरच्या दशकात बंधने सैल होत गेली. परवान्याची तरतूद कागदावर अद्यापि आहे. राळेगणसिद्धीत तर एके काळी पिणाऱ्यास खांबाला बांधून चोप देण्यात आला. अण्णा हजारे यांनी ते कधी लपविलेले नाही. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीमुळे १९९३ साली जिल्ह्यापुरती दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. कर्नाटकाने २००७ साली अरक बंद केला. ह्या उपायांच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. दुकान दूर गेले की पिणे काहीसे घटते, हे खरे आहे. परंतु ज्यांचे नाव आमच्या ह्या वसाहतीस दिलेले आहे, त्या जयप्रकाशांपुढे १९७२ साली चंबळच्या दरोडेखोरांनी शस्त्रे ठेवली, तेव्हा ज्यांस पोलिसांच्या बंदुका वळवू शकल्या नव्हत्या त्यांस बोलण्याने वळविले होते. हे उदाहरण ह्या भागात फिरताना आम्हांस वारंवार आठवते.

आता आमच्या कृत्याविषयी. फार वर्षांपूर्वी, बंगळुराहून दूर अशा एका कचेरीत, आमच्या हाताखाली एक लेखनिक होता. त्याचे अक्षर मोत्यासारखे आणि हिशेब बिनचूक. तो पिऊन कचेरीत येऊ लागला. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४, ह्यांतील बाविसावा नियम आमच्या वाचकांस पाठ असेल. कामावर असताना नशेत असू नये, सार्वजनिक जागी पिऊ नये, अतिरेक करू नये, हे सारे त्यात आहे; असा मनुष्य समोर उभा राहिल्यास त्याच्याशी काय बोलावे, हे त्यात नाही. आम्ही त्यास खोलीत बोलावले आणि तासभर बोललो. त्याच्या पत्नीविषयी बोललो, दोन मुलांविषयी बोललो, यकृताविषयी बोललो. तो रडला. आम्ही त्याच्याकडून शपथ लिहून घेतली, तीवर तारीख घातली, आणि ती नस्तीस लावली. घरी येऊन आम्ही समाधानाने जेवलो. एकोणिसाव्या दिवशी तो पुन्हा पिऊन आला. मग ज्ञापन निघाले, खुलासा मागविला गेला, आणि सारे नियमानुसार झाले.

हाच मार्ग त्या काळी जगभर शहाण्यांचा मार्ग होता, एवढे आमच्या बाजूने म्हणता येईल. मद्यपी मनुष्य सत्य नाकारतो, म्हणून त्याचे नाकारणे फोडून काढले पाहिजे, असे अमेरिकेत पुष्कळ उपचारगृहे मानीत. कॅलिफोर्नियात १९५८ साली निघालेल्या ‘सिनॅनॉन’ ह्या संस्थेत तर व्यसनी माणसास मध्ये बसवून सर्वांनी मिळून त्याच्यावर शब्दांचा भडिमार करणे हाच उपचार होता.

ह्या मार्गास पहिला शास्त्रीय धक्का बसला तो काहीसा अपघाताने. न्यू मेक्सिको विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर हे अतिमद्यपानावरील एका उपचाराची परीक्षा करीत होते. समुपदेशक सारे एकच पद्धत शिकलेले. परंतु त्यांच्या रुग्णांची फळे निरनिराळी आली. जे समुपदेशक रुग्णाचे म्हणणे नीट ऐकून समजून घेत, त्यांचे रुग्ण अधिक सावरले. उलट जे ह्या बाबतीत अगदीच कमी पडले, त्यांच्या रुग्णांपेक्षा केवळ एक पुस्तक हाती देऊन घरी पाठविलेले लोक बरे ठरले. हा निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाला. वाईट उपदेशकापेक्षा उपदेशक नसलेला बरा, असे आकड्यांनीच म्हटल्यासारखे झाले.

पुढे १९८२ साली मिलर नॉर्वेत बर्गेनजवळील येल्लेस्टाड येथील उपचारगृहात काही काळ राहिले. तेथील तरुण मानसशास्त्रज्ञ त्यांस सांगत, रुग्णाशी कसे बोलता ते करून दाखवा. ते करून दाखवू लागले की हे मध्येच थांबवीत. हाच प्रश्न का विचारलात? त्याच्या एवढ्या बोलण्यातून नेमके हेच वाक्य का उचललेत? मिलर ह्यांस उत्तरे द्यावी लागली, आणि उत्तरे देता देता आपण काय करतो हे त्यांचे त्यांनाच उमगले. १९८३ साली त्यांनी ते लिहून काढले. आपले शास्त्र विद्यार्थ्यांच्या प्रश्नांतून जन्मास आले, ही गोष्ट त्या शास्त्रास शोभणारीच आहे. पुढे स्टीफन रॉलनिक त्यांस येऊन मिळाले, आणि १९९१ साली दोघांचा ग्रंथ निघाला. पद्धतीचे नाव ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’. आम्ही तिला ‘प्रेरक संवाद’ म्हणतो. मुलाखत म्हटले की आमच्या वाचकांस निवड मंडळाचे मेज आणि पाण्याचा पेला आठवावयाचा.

शब्दांचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. ह्या विद्येस मराठीत ‘समुपदेशन’ हा शब्द रूढ झाला आहे आणि आता तो बदलणे नाही. परंतु त्या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ दडून बसला आहे, आणि संधी मिळताच बाहेर येतो!

मिलर-रॉलनिकांचे मूळ निरीक्षण असे. पिणाऱ्या माणसाच्या मनात दोन पक्ष असतात. एक म्हणतो सोड, दुसरा म्हणतो राहू दे. बाहेरच्या कोणी पहिल्या पक्षाचे वकीलपत्र घेतले, की तो मनुष्य नाइलाजाने दुसऱ्याचे घेतो. आणि जो पक्ष आपण मोठ्याने मांडतो, तोच आपल्यास पटत जातो. समोरचा चुकतो आहे असे दिसताच त्यास सुधारण्याची जी ऊर्मी आपल्यात उठते, तिला हे ग्रंथकार समुपदेशकाचा पहिला शत्रू मानतात. अधिकाऱ्यास तर ह्या ऊर्मीबद्दलच वेतन मिळते.

व्यवहारात हे कसे चालते, ते एका प्रश्नावरून कळेल. समुपदेशक विचारतो, “दारू सोडणे तुम्हांस किती महत्त्वाचे वाटते? शून्य ते दहा ह्यांत सांगा.” मनुष्य म्हणतो, “चार.” आमच्यासारखा लगेच उखडेल, “चारच? आठ का नाही?” आणि मग तो मनुष्य चारच का ह्याची कारणे देत बसेल; म्हणजे आम्हीच त्यास दारूच्या बाजूने बोलते केले. समुपदेशक विचारतो, “चार म्हणालात, एक का नाही म्हणालात?” आता त्यास सोडण्याच्या बाजूची कारणे शोधावी लागतात. मुलगी सकाळी जवळ येत नाही, हात कापतो, मागच्या महिन्यात घराचा हप्ता चुकला. समुपदेशक ती कारणे आपल्या शब्दांत त्यास परत ऐकवतो आणि थांबतो. माहिती द्यावयाची झाली, तर आधी ‘सांगू का?’ असे विचारतो. साधा शिष्टाचार, परंतु बंद दार त्याने उघडते.

मराठीत ह्या कलेच्या वाटेत काही खास खड्डे आहेत. एक आपला ‘पण’. “शीण उतरतो म्हणून घेता, पण मुलीला त्रास होतो,” असे म्हटले की पहिला अर्धा भाग पुसला जातो आणि आरोप तेवढा उरतो. तेथेच “आणि मुलीला त्रास होतो हेही तुम्हांस टोचते,” असे म्हटले, तर त्या माणसाच्या मनातील दोन्ही पक्ष समोरासमोर उभे राहतात. दुसरा खड्डा वाक्याच्या शेवटचा ‘ना’. “दारू वाईटच ना?” हा प्रश्न दिसतो तेवढाच, उत्तर त्यात आधीच कोंबलेले असते. तिसरा म्हणजे ‘अरे-तुरे’. कालपर्यंत ‘अहो’ असलेला मेहुणा किंवा शेजारी पिऊ लागताच बायकापोरांदेखत ‘अरे’ होतो. ‘अहो’ परत देणे हे उपचाराचे पहिले पाऊल ठरू शकते, असे आम्ही म्हणालो तर वाचकांनी हसू नये.

नेमकी हीच गोष्ट महाराष्ट्रात कोणी तरी मिलर ह्यांच्याकडून न शिकता करून दाखविली होती. पुण्यात गर्दचे व्यसन पसरले असता अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. येथे रुग्णास ‘रुग्णमित्र’ म्हणतात. पस्तीस दिवसांचा निवास, व्यायाम, संगीत, गटांतील बोलणे, घरच्यांच्या स्वतंत्र सभा, आणि नंतर गावोगावी पाठपुरावा. येथून बरे झालेलेच पुष्कळ जण पुढे तेथे समुपदेशक झाले. मद्यपी-अनाम मंडळींचा, म्हणजे ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा, धागा त्यात आहे, तरीपण मुख्य भांडवल होते ते डॉ. अनिताबाईंच्या ऐकण्याचे. त्या १९९७ साली गेल्या. अनिल अवचट २०२२ साली गेले. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर ह्या तो संसार पुढे चालवीत आहेत. मुक्तांगणात जाऊन आलेल्या कोणासही विचारा, त्यास कोणी काय सांगितले हे आठवत नाही. कोणी ऐकून घेतले ते आठवते. निदान आम्ही ज्यांस विचारले, त्यांचे उत्तर असे होते.

परंतु पाच-पन्नास थोर माणसांच्या बळावर एवढा मोठा देश सावरणार कसा? सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली निघाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात, त्यांपैकी ५.७ कोटींस मदतीची गरज आहे, आणि मद्याच्या आहारी गेलेल्यांपैकी अडतिसांत एकासच कोणता तरी उपचार मिळालेला होता. एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणावयाचे कोठून?

ह्याचे एक उत्तर गोव्यातून आले. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९६ साली स्थापिलेल्या ‘संगत’ ह्या संस्थेने, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या स्थानिक माणसांस प्रेरक संवाद शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसविले. दहा केंद्रे, आणि अपायकारक रीतीने पिणारे ३७७ पुरुष. निम्म्यांस नेहमीचा उपचार, आणि निम्म्यांस त्याच्या जोडीला ह्या साध्या समुपदेशकांशी एक ते चार बैठकी. तीन महिन्यांनी पाहता, समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते, इतरांपैकी २६ टक्के. आणि गेल्या पंधरवड्यात मुळीच न प्यालेले ४२ टक्क्यांस १८ टक्के असे होते. २०१७ साली हा वृत्तांत ‘लॅन्सेट’मध्ये आला.

आकड्यांनी हुरळून जाऊ नये. संवादानंतरही निम्म्याहून अधिक लोक धोक्याच्या रेषेवरच राहिले, आणि जे पीत राहिले त्यांच्या पिण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. पूर्ण आहारी गेलेल्यांस ह्या प्रयोगात घेतलेच नव्हते. त्यांची गोष्ट निराळी आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबविले तर कंप, झटके, भ्रम होऊन प्राणावरही बेतू शकते. तेथे कितीही गोड प्रश्न विचारले तरी व्यर्थ. डॉक्टर आणि औषधे हवीत, आणि बोलणे नंतर. शपथ घेऊन रातोरात बाटली फोडण्याच्या आपल्या नाटकी कल्पनेने किती जणांचा घात केला असेल, कोण जाणे. आमच्या लेखनिकाकडून शपथ लिहून घेताना ‘तुझे हात सकाळी कापतात काय’ एवढेही आम्ही विचारले नव्हते.

हे सारे आमच्या स्नेह्यांस सांगावे म्हणून आम्ही पुन्हा रंगशंकरात भेटलो. जाताना सांगण्यासारखे म्हणून आधी ‘निम्हान्स’विषयी बोललो. होसूर रस्त्यावरील ही संस्था जे. पी. नगरहून लांब नाही. बंगळुराच्या वाहनांच्या कृपेने अर्धा तास लागो की दीड. १९५४ साली येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, १९७४ साली म्हैसूर संस्थानच्या वेळचे मनोरुग्णालय तीत मिळून निम्हान्स झाले, आणि १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी तेथे व्यसनोपचाराचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्याच्या व अमली पदार्थांच्या सेवनातून येणाऱ्या विकारांस मानसिक आजारांत गणले आहे. ज्ञापन लिहिण्यापूर्वी आमच्या अधिकारी बंधूंनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून आहे, आणि घर सोडून दूर राहणाऱ्यास, ओळखीच्या डॉक्टरकडे जाण्याची लाज वाटत असल्यास, तो बरा.

स्नेह्यांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे रामलालने सुधाकराला ‘चार का, एक का नाही’ एवढे विचारले असते, तर नाटक दुसऱ्या अंकातच संपले असते!”

आम्हांस तसे वाटत नाही. गडकऱ्यांचा सुधाकर मध्यंतरी दारू सोडण्याचा निश्चय करतोच की! कोणी वदवून न घेता, आपल्या मनाने करतो. मग तो काम मागावयास जातो, आणि गावातील प्रतिष्ठित मंडळी त्यास झिडकारतात. प्याला पुन्हा हाती येतो तो त्यानंतर. ज्याने आपल्या तोंडाने ‘सोडतो’ म्हटले, त्यास दुसऱ्या दिवशी बसावयास खुर्ची लागते.

आमच्या लेखनिकाने शपथ दिली त्याच आठवड्यात आम्ही त्यास रोकड शाखेतून काढून आवक-जावक नोंदीच्या टेबलावर बसविले. तो एकदाच विचारावयास आला होता. दारात उभा राहून म्हणाला, “साहेब, माझे टेबल परत मिळेल काय?” आम्ही म्हणालो, “बघू पुढे.” त्या दिवशी त्याचा तेरावा दिवस चालू होता. हे आम्ही नस्तीतील तारखांवरून नंतर मोजले.